धापा टाकणाऱ्या गाडीतून लांज्याला

कोल्हापूर ते मलकापूर एवढं अंतर मी इंजिनाला शिव्या देत काढलं. गाडी ओढतच नव्हती. सपाट रस्त्यावरसुद्धा ती अशी चाले, की जणू मागे कोणी उसाची बैलगाडी बांधली आहे. थोड्या वेळाने मागच्या बाजूने जळकट वासही येऊ लागला. मी आधी पेट्रोलवाल्याला नावं ठेवली, मग गाडी मला विकणाऱ्या जहागीरदारांना, मग त्यांच्या वाडवडिलांना. ते संपले तेव्हा माझी पत्नी इंदू शांतपणे म्हणाली, "अहो, निघताना तुम्ही हे दांडकं वर ओढलं होतंत. ते खाली कधी करायचं असतं?"

ते दांडकं म्हणजे हातब्रेक.

मी तो मुकाट्याने खाली केला. गाडीने सुटकेचा श्वास घेतला आणि मलकापूरच्या बाजारातून एखाद्या तरुणीसारखी निघाली. मी इंदूला म्हणालो, "बघ, दोष सापडला." ती काही बोलली नाही. कोकणात जन्मलेल्या बायकांचं न बोलणं आम्हां देशावरच्या माणसांच्या ओरडण्यापेक्षा लांब ऐकू जातं.

आता थोडं गाडीविषयी. संस्थानं विलीन झाली आणि लहानमोठ्या जहागीरदारांना गाड्या पोसवेनात, त्या दिवसांत ही मला मिळाली. वयाने ती माझ्याहून लहान, प्रकृतीने मात्र वडील. छप्पर कापडी, दिवे पितळी, पेट्रोलची टाकी पार मागे आणि तिच्यावर नारळाच्या करवंटीएवढं पितळी झाकण. पेट्रोल किती आहे हे दाखवणारा काटा केव्हाच मेला होता, म्हणून मी एक वेताची छडी बाळगत असे. गाडी थांबली की मी प्रथम मागे जाई, झाकण उघडून छडी बुडवी आणि ओली किती झाली ते बघे. मी वकील. मूळ कागद आधी बघावा, मग बोलावं, ही सवय.

या खेपेला छडीपेक्षा मोठी जबाबदारी बरोबर होती. इंदूचे वडील, तात्या, रत्नागिरीला असतात. विहिरीच्या पायरीवरून घसरल्यापासून त्यांची कंबर गेली होती. त्यांची थोरली बहीण आक्का लांज्याला. तिला दिसेनासं झालेलं. दोन भाऊबिजा भावाविना गेल्या होत्या. "एस्टीत बसलो तर लांज्याला मी आणि माझी कंबर वेगवेगळे उतरू," असं तात्यांनी लिहिलं होतं. तेव्हा नाताळच्या सुट्टीत माझ्या मऊ गादीच्या गाडीतून त्यांना बहिणीच्या दारात नेऊन सोडायचं, असं मी इंदूला वचन देऊन बसलो होतो. मुलांना माझ्या आईपाशी ठेवलं आणि निघालो.

आंबा घाट

घाटाच्या माथ्यावर, रस्त्याच्या कडेला, एक लहानसा मारुती आहे. खाली उतरणारे सगळे ड्रायव्हर तिथे थांबतात, नारळ फोडतात आणि देवाच्या अंगावरचा शेंदूर बोटावर घेऊन गाडीच्या कपाळाला लावतात. मीही थांबलो. नव्या ड्रायव्हरला देव जुन्यापेक्षा जास्त आठवतो. नारळ फोडला, चांगला बोटभर शेंदूर घेतला आणि गाडीच्या बॉनेटवर टेकवला मात्र, असा चटका बसला की मी देवासमोर म्हणू नये ते म्हणालो.

शेंदूर बोटावरच होता. देवाचा शेंदूर हातात घेतला म्हणजे कुठेतरी लावायलाच हवा. तो काही धोतराला पुसता येत नाही. मी गाडीला प्रदक्षिणा घातली आणि थंड अशी एकच पितळी जागा सापडली. टाकीचं झाकण. त्याच्या मधोमध जाडसा लेप दिला, नमस्कार केला, आणि आपण योग्य तेच केलं, गाडी खाते तिथूनच तर, असं इंदूला समजावून सांगितलं.

घाट मात्र आम्ही राजासारखा उतरलो. खालून गार वारा, कडेने दाट रान, वळणावळणाला एखादं माकड न्यायाधीशासारखं बसलेलं. साखरपा मागे पडलं, सपाटी आली आणि गाडी खोकली. मग धापा टाकू लागली. मग थांबली.

मी छडी घेऊन मागे गेलो. पेट्रोल होतं. एवढ्यात एक मालट्रक थांबला. त्याचा ड्रायव्हर उतरला, आत डोकावला आणि "प्लगात काजळी आहे, दुसरं काय!" म्हणून मोकळा झाला. त्याने प्लग काढले, घासले, लावले. गाडी चालू झाली. मी त्याला विडीचं बंडल दिलं आणि काही मैल त्याचे गुण गात गेलो.

नाणिजच्या अलीकडे पुन्हा तेच. खोकला, धापा, मुक्काम. मी छडी घेऊन मागे. पेट्रोल होतं. तिथे भाताच्या पेंढ्या वाहणारा एक म्हातारा उभा राहिला. म्हणाला, "तापलीय ती. आमचा रेडा असाच करतो. वल्लं फडकं टाका." इंदूने पाण्याने भिजवून पंचा दिला, मी तो इंजिनावर टाकला, वाफ आली, म्हाताऱ्याने मान डोलावली. गाडी चालू झाली. मी त्याचे गुण गात पुढे गेलो.

पालीच्या पुढे गाडी परत थांबली तेव्हा सल्ला द्यायला कोणीच नव्हतं. मी छडी बुडवली, झाकण लावलं आणि हताश होऊन जांभ्या दगडाच्या एका गडग्यावर, म्हणजे बुटक्या कुंपणावर, बसलो. थोड्या वेळाने उगाच हँडल मारून पाहिलं. गाडी चालू झाली! "विश्रांती हवी होती तिला," मी म्हणालो.

"आपल्याला तिघांनी तीन औषधं सांगितली," इंदू म्हणाली, "आणि तिन्ही लागू पडली. असा रोग मी अजून बघितला नाही."

वकिलाने विचारायचा पहिला प्रश्न असतो, हे कधीपासून? तो मी विचारला नाही असं नाही. उत्तर होतं, घाट उतरल्यापासून. म्हणून मी सगळा दोष घाटावर ढकलला. घाट काही उलट साक्ष द्यायला येत नाही.

रत्नागिरी

तात्या पडवीत आरामखुर्चीवर बसले होते. आम्ही दारात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

"आलात? आम्हांस वाटलं ढकलत आणताय, म्हणजे परवा पोचाल," ते म्हणाले. मग लेकीकडे पाहून, "अगो इंदे, वाळलीस की काय? ह्यांच्याकडे तिखटाशिवाय काही देतात ना खायला?"

आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाणी, मग चौकशी. कोकणात आधी टोमणा, मग पाणी, आणि त्यानंतर जे काही ताटात येतं त्यापुढे टोमणा विसरावाच लागतो. त्या संध्याकाळी कुळथाचं पिठलं आणि उकड्या तांदळाचा भात होता. सकाळी घावन आणि नारळाचा गुळातला रस. आमच्या कोल्हापुरात रस्सा घाम काढतो. हा रस माणसाला नुसता पसरवून टाकतो. सातवं घावन वाढून घेताना मी तात्यांना म्हणालो, "आजच निघू लांज्याला."

निरोप आधीच गेला होता. आक्का आणि तात्या यांचा सगळा पत्रव्यवहार लांज्याच्या एस्टीचा कंडक्टर तोंडी करत असे. ती आमसुलं पाठवी, हे पोफळीची सुपारी पाठवत, आणि बरोबर एकमेकांना टोमणे. कंडक्टर ते चालीसकट पोचवी.

शेजारच्या दोघांनी तात्यांना खुर्चीसकट गाडीपाशी आणलं आणि उचलून मागच्या सीटवर बसवलं. नवं धोतर, काळी टोपी, आणि मांडीवर एक पुडकं. त्यात आक्कासाठी नऊवारी लुगडं होतं. दोन भाऊबिजांची ओवाळणी. वर्षभर घराचा उंबरा न ओलांडलेला तो माणूस रस्त्यावरची नवी दुकानं बघून लहान मुलासारखा माना वळवत होता. मी आरशातून बघत होतो आणि स्वतःवर फार खूश होतो.

हातखंब्याच्या अलीकडे सड्यावर गाडी खोकली.

पुढचं काय सांगू? उघडा माळ, झाड नाही, खाली काळा तापलेला कातळ. मी प्लग घासले. ओला पंचा टाकला. विश्रांती दिली. माणसं जमली. एकाने पेट्रोलमध्ये पाणी आहे असं सांगितलं, दुसऱ्याने गाडीवर कोणाची तरी नजर आहे असं. अखेर छडी बुडवून मी हँडल मारलं तेव्हा ती सुरू झाली, पण तोवर तात्यांचा चेहरा उन्हाने आणि दुखण्याने लाल झाला होता.

"परत फिरा," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर गाडी एकदाही थांबली नाही. तेच जास्त लागलं.

संध्याकाळी एस्टीचा कंडक्टर दारात आला. रोज टोमणे पोचवणारा माणूस, आज खाली बघत होता. "आक्कांनी विचारलंय, बरं आहे ना सगळं?" तो म्हणाला. "ताट वाढून झाकून ठेवलं होतं. दुपार टळल्यावर गाईला घातलं."

तात्यांनी लुगड्याचं पुडकं बाजूला सारलं. मग मला म्हणाले, "जावईबापू, रागावून सांगत नाही. आणखी एकदा बसेन मी तुमच्या गाडीत. पुन्हा वाटेत राहिली, तर आक्काचं आणि माझं भेटणं वर गेल्यावर. त्याचा विषय काढायचा नाही मग. रोज रोज आशा करायला माणसाच्या अंगात बळ लागतं."

माझी सुट्टी संपायला फार दिवस उरले नव्हते. इंदू उठून आत गेली. ती रडत असावी, मी मागे गेलो नाही.

दाऊदचाचांचं इंजिन

सकाळी तात्यांचे जुने शेजारी दाऊदचाचा आले. सारं आयुष्य आगबोटीच्या इंजिनघरात काढलेला माणूस. आवाज असा, की भोंगा वाजतोय. "तात्यानु, जावई कोर्टातला आणि गाडी त्याच्या हातात? इंजिनाला इंजिनवाला बगायला पायजे!"

"तू बोटीतला. ही रस्त्यावर चालते," तात्या म्हणाले.

"रस्ता काय नि दर्या काय. आत आग तीच!"

त्यांनी कार्बोरेटर सोडवला, पितळेचा प्रत्येक तुकडा पंच्यावर मांडला, फुंकला, रॉकेलात धुतला आणि प्रत्येक तुकड्यामागे एकेका बंदराची गोष्ट सांगितली. एडनपर्यंत येताना दुपार झाली. चाचांच्या घरून डबाभर सांदणं आली, नारळाच्या दुधाची, कापसासारखी. "आमच्या स्वयंपाकघरात चालायची नाहीत," असं म्हणत तात्यांनी ती पडवीत बसून चाचांपेक्षा दोन जास्त खाल्ली. पडवी हे कोकणातलं फार सोयीचं राज्य आहे. तिथले कायदे वेगळे.

गाडी जोडली. मी छडी बुडवून पेट्रोल बघितलं. हँडल मारलं. इंजिन शिवणाच्या यंत्रासारखं चालू लागलं. चाचांनी हात धुतले. "आता कराचीपर्यंत न्या!"

"आधी लांज्याला," तात्या म्हणाले. "पण उद्या तूही चल. थांबली तर ढकलायला."

लांज्याची वाट

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. पुढे मी आणि चाचा, मागे तात्या आणि इंदू. तात्यांच्या मांडीवर तेच पुडकं. या खेपेला ते दुकानं बघत नव्हते. डोळे मिटून बसले होते. सगळे इंजिन ऐकत होते. आजाऱ्याच्या उशाशी असं बसतात.

हातखंबा गेलं. चाचांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पालीही गेली. मी नुकतं गुणगुणायला सुरुवात केली होती, तोच एका चढावर गाडी खोकली.

चाचांचा चेहरा पडला. मी गाडी एका आंब्याखाली कशीबशी नेली. आंब्याला नुकता मोहोर फुटत होता, एवढंच काय ते बरं आठवतं. चाचा बॉनेट उघडून आत बघत उभे राहिले, हात न लावता. मी सवयीने छडी घेऊन मागे गेलो आणि झाकण उघडलं.

"थांबा," तात्या म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले होते. टाकी त्यांच्या पाठीमागेच होती. "जावईबापू, तुमची गाडी उसासा टाकते हो."

"काय?"

"झाकण उघडलंत की सुस्स करून श्वास घेते. परवा सड्यावरही घेतला होता. मला काही काम नाही, मी ऐकत बसतो. परवाही तो श्वास घेतला आणि मगच चालू झाली."

मी विनोद समजून हसणार होतो. इंदू हसली नाही. ती खाली उतरली. "तुम्ही प्रत्येक वेळी झाकण उघडता," ती सावकाश म्हणाली. "प्लग घासले तेव्हा उघडलंत. पंचा टाकला तेव्हा उघडलंत. पालीला तर कोणी काहीच केलं नव्हतं, तेव्हाही उघडलंत. औषध कुठलंच लागू पडलं नाही. झाकण लागू पडलं."

"म्हणजे?"

"तेलाचा डबा फोडताना मी भोकं किती पाडते?"

"दोन," मी अंदाजाने म्हणालो.

"का?"

घरातलं तेल कसं ओततात हे मी आयुष्यात बघितलं नव्हतं, फक्त खाल्लं होतं. ती म्हणाली, "एकाच भोकाने तेल येत नाही. येतं, येतं आणि थांबतं. वारा आत गेल्याशिवाय तेल बाहेर कसं येईल? दुसरं भोक वाऱ्यासाठी. तुमच्या टाकीला वाऱ्याचं भोक कुठे आहे?"

चाचा तीरासारखे मागे आले. "झाकणाला असतं! झाकणाला बारीक भोक असतंच!" त्यांनी झाकण माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट केलं. "ह्याला नाय."

मग त्यांनी वरची बाजू बघितली. तिथे वाळून दगड झालेला शेंदूर होता.

सगळे माझ्याकडे बघू लागले. आयुष्यात मी पुष्कळ आरोपी कठड्यात उभे केले आहेत. तिथे उभं राहिल्यावर कसं वाटतं ते त्या आंब्याखाली कळलं.

"बॉनेट तापलं होतं," मी म्हणालो.

"मारुतीचा शेंदूर आहे," इंदू म्हणाली. "खरवडायचा कसा?"

प्रश्न खरा होता. चाचा झाकण हातात धरून तात्यांच्या निकालाची वाट बघत राहिले. तात्या म्हणाले, "सगळा काढू नका. भोकापुरता काढा. लंकेहून परत येणाऱ्या देवाला एवढी वाट कळते."

इंदूने अंबाड्यातला आकडा काढून दिला. चाचांनी मधोमध टोकरलं. भुगा पडला आणि सुईच्या नाकाएवढं भोक उघडलं. त्यांनी झाकण तोंडाशी धरून फुंकर मारली, ती पलीकडे माझ्या हाताला लागली. "बोटीत असलं झाकण नसतं," ते पुटपुटले. "असतं तर मी पयल्याच दिवशी सांगितलं असतं."

मी झाकण लावलं, हँडलकडे गेलो आणि थबकलो. तात्यांनी सांगितलं होतं, पुन्हा वाटेत राहिली तर परत. गाडी वाटेत राहिली होती. परतीची वाट ओळखीची होती, लांजा अजून पुढे होता. सगळे तात्यांकडे बघू लागले.

तात्यांनी पुडक्याची सुटलेली गाठ पुन्हा बांधली. "बघताय काय माझ्याकडे? चालू करा. आक्काने ताट वाढलं असेल."

लांजा

ती पुढे एकदाही खोकली नाही. मी मात्र लांजा येईपर्यंत श्वास धरून होतो. दोघांपैकी एकाला तरी गुदमरायला हवंच होतं.

आक्का दारातच होती. हॉर्न ऐकून भिंतीला धरून पुढे आली. चाचांनी आणि मी तात्यांना उचलून अंगणातल्या खुर्चीवर बसवलं, तशी तिने हात पुढे करून त्यांचा चेहरा चाचपला. टोपी, कपाळ, नाक, हनुवटी.

"दाढी केलीस?"

"तुझ्याकडे यायचं म्हणून."

"परवा का नाही केलीस मेल्या? ताट गाईने खाल्लं."

मग दोघंही हसत होते की काय करत होते ते मी बघितलं नाही. चाचा आकाशाकडे बघत होते, मीही तिकडेच बघितलं. आक्काने त्याच दिवशी भाऊबीज केली. पौष लागायला आला होता. शेजारणीने शंका काढली तेव्हा आक्का म्हणाली, "भाऊ आला ती भाऊबीज. पंचांग काय त्याला उचलून आणणार होतं?" ओवाळताना निरांजन हवेत थोडं भलतीकडेच फिरलं, तेव्हा तात्यांनीच मान तिकडे नेली. लुगड्याचा काठ बोटांनी चाचपून तिने रंग विचारला. तात्या म्हणाले, "हिरवा. तुझ्या लग्नातला होता तसा."

ऊन कललं तशी निघायची तयारी केली. दर महिन्याला एकदा तरी यायचं असं ठरलं होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडी आणण्याचं मी कबूल केलं आणि इंदूने ते सगळ्यांसमक्ष माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. इतक्यात आक्का म्हणाली, "थांबा. माझ्या भावाला आणलंन, त्या गाडीला कुंकू लावते."

हातात कुंकवाचा करंडा, बोटं तेलात बुडवलेली. ती गाडीच्या अंगावरून हात फिरवत निघाली. छप्पर, दार, चाकावरचा पंख. बॉनेटच्या दिशेने जाईल म्हणून मी तिथे उभा होतो, तर ती मागे वळली. पितळी झाकणाच्या गार वाटोळ्या अंगावर तिचा हात स्थिरावला. "हेच गो कपाळ," ती म्हणाली आणि बोटभर ओलं कुंकू उचललं.

नको म्हणायची माझी छाती नव्हती. मी धावलो आणि झाकणावर आपला डावा हात पालथा ठेवला. आक्काने त्यावर चांगला जाड लेप दिला, दोनदा दाबून.

"ऊब आहे हो गाडीला," ती समाधानाने म्हणाली. "जिवंत असल्यासारखी."

रत्नागिरीपर्यंत तात्या आणि चाचा मागे बसून गाडी नक्की कोणामुळे बरी झाली यावर भांडत होते. इंदू पुढे माझ्या शेजारी होती. हातखंब्याचा सडा गेला, समुद्राचा वारा लागला, तेव्हा तिने स्टिअरिंगवरच्या माझ्या लाल हाताकडे बघितलं.

"आज तो हात धुऊ नका," ती म्हणाली. "गाडीच्या बाबतीत पहिल्यांदाच योग्य जागी पडलाय."